मदत हवी आहे: बेअरिंग बदलल्यापासून एबीएसचा दिवा जात नाही, आता वळणावर लाल दिवाही लागतोय

नमस्कार मंडळी. मी गुहागरचा. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ७१,००० किलोमीटर झालेली. आईला मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला चिपळूणला न्यावं लागतं, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. चार दिवस गाडी गॅरेजात ठेवणं जमत नाही, म्हणून विचारतोय.

पुढचं उजवं चाक घूं घूं करत होतं, बेअरिंग बदलून घेतलं. संध्याकाळी गाडी ताब्यात मिळाली आणि घरी पोचायच्या आत एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला. गॅरेजवाले म्हणतात, खाऱ्या हवेने चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेलाय, योगायोग आहे, नवीन टाकू, साडेतीन हजार. खारी हवा खरीच आहे. आमच्या अंगणातून समुद्र दिसतो, गेटच्या बिजागऱ्या दोन वर्षांत सडतात. पण त्याच चाकाचा सेन्सर, त्याच दिवशी जातो?

चावी फिरवली की दिवा बाकीच्या दिव्यांबरोबर लागतो आणि विझतो. गाडी १५-२० च्या पुढे गेली की परत लागतो. मित्राच्या स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवर काही आलं नाही, तो फक्त इंजिनचे कोड वाचतो. मग चुलत भावाने एबीएस वाचणारा स्कॅनर आणला: सी ००४०, उजवं पुढचं चाक. शृंगारतळीच्या अलीकडे सरळ रस्त्यावर मी चालवत होतो, तो शेजारी बसून स्कॅनरवर चारही चाकांचे वेग वाचत होता. २२, २२, २१ आणि उजव्या पुढच्याचा ०. चाळीसला नेली तरी शून्यच.

चाक काढून कनेक्टर उघडला तर एका पिनेवर हिरवा कळंक. जुन्या टूथब्रशने घासून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, फरक नाही. गाडीकडून येणारे व्होल्ट दोन्ही बाजूंना सारखे, ११.८. पण सेन्सरचे ओहम मोजायला गेलं की मीटर काहीच दाखवत नाही. १,००० ते २,००० यायला हवेत असं वाचलं होतं. म्हणजे सेन्सर मेलाच का?

दुसरं म्हणजे, गेल्या शुक्रवारी मोडकाआगरच्या वळणावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून गेला. हँडब्रेक पूर्ण खाली होता. ब्रेक ऑईल बाटलीवरच्या मिनच्या रेघेला टेकलंय. पेडल नेहमीसारखं कडक आहे. वरून ऑईल ओतू का? मंगळवारी आईला याच गाडीने नेऊ का, एवढं तरी आधी सांगा.

प्रतिसाद

दादा, आधी मंगळवारचं. लाल दिव्याचा छडा लागेपर्यंत आईला त्या गाडीत बसवू नका. वळणावर ऑईल एका बाजूला झुकतं आणि बाटलीतला फ्लोट खाली जातो, म्हणून तो तेव्हाच लागला. ऑईल आटत नाही. एकतर पॅड झिजलेत, म्हणून ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरकडे उतरलंय, नाहीतर कुठेतरी गळतंय. पुढचे पॅड बघा, मागच्या ड्रमची आतली बाजू ओली आहे का हात लावून बघा. ओलं असेल किंवा पाय ठेवल्यावर पेडल हळूहळू बसत असेल, तर दुसऱ्याची गाडी करा. पॅड संपले असतील तर नवीन बसवताना कॅलिपरमधला पिस्टन मागे जाऊन ऑईल आपोआप वर येतं. आत्ता ओतलंत तर तेव्हा उतू जाईल, आणि ते रंग खातं. नुसता पिवळा दिवा असेल तर ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक जाम होऊन घसरू शकतं. अंतर ठेवून चालवा.

आता सेन्सर. १,००० ते २,००० ओहम जुन्या, वीज न लागणाऱ्या सेन्सरचे. तुमच्या सेन्सरला गाडीकडून व्होल्ट येतात, म्हणजे तो दुसऱ्या जातीचा. त्याचे ओहम मोजून काही कळत नाही. डावीकडचाही मोजा, तोही गप्प बसेल.

माझा संशय बेअरिंगवर आहे. या जातीच्या सेन्सरला वाचायला बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची रिंग असते. दिसायला साधं काळं सील, त्यामुळे घाईत उलटं दाबलं जातं. रिंग बाहेरच्या बाजूला गेली की सेन्सरला काही दिसतच नाही, म्हणून शून्य. सेन्सर काढून त्याच्या भोकातून दोऱ्याला बांधलेली टाचणी सीलजवळ न्या. ओढली गेली तर रिंग जागेवर आहे. डाव्या चाकाशी ताडून बघा. सेन्सर गंजून धरला असेल तर पकडीने ओढू नका, तुकडा आत राहतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा.

धागाकर्त्याचं उत्तर

पॅड पारच संपलेत, कुठेही ओल नाही. उद्या नवीन बसवतोय. मंगळवारी शेजाऱ्यांच्या गाडीने गेलो. डावा सेन्सर तेल मारून सकाळी सुटला, टाचणी भोकात नेताच सीलला जाऊन चिकटली. उजवीकडे दहा वेळा केलं, नुसती लोंबकळते. गॅरेजवाल्यांना टाचणीसकट दाखवायला जातोय. बेअरिंग उलटं निघालं तर तेच परत फिरवून बसवतील म्हणाले, पण दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरावं का? नवीनच मागू ना?