धरण ‘उणे’ कसं होतं? मृतसाठा, अचल साठा आणि मायनस

बातमीवाली : मी उपसंपादक आहे. 2024च्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातल्या भीमेवरच्या उजनी धरणाच्या बातमीला ‘उजनी उणे 60 टक्क्यांच्या घरात’ असं शीर्षक मीच दिलं होतं. सासूबाईंनी पेपर वाचून विचारलं, “अगं, शून्यातून साठ कसे गेले? पाणी काय उसनं आणलंय?” मला उत्तर देता आलं नाही. उणे साठा, मृतसाठा, अचल साठा हे सगळं एकच का? आणि शीर्षकात लिहायचं काय?

पाटकरी : ताई, प्रश्न रास्त आहे. धरणाच्या साठ्याचे दोन भाग धरतात. वरचा तो उपयुक्त किंवा चल साठा, खालचा तो मृत किंवा अचल. खालचा भाग मुख्यतः गाळासाठी सोडलेला असतो, पाणीवाटपाच्या हिशेबात तो धरत नाहीत. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात उपयुक्त 53.57 आणि मृत 63.66. म्हणजे निम्म्याहून जास्त धरण ‘मेलेलं’च! टक्केवारी मात्र फक्त त्या 53.57वर काढतात. पातळी 491.03 मीटरला आली की झालं शून्य. त्याखाली गेलं की उणे.

आता उणे 60चा हिशेब करा. शून्याखालचं 32 टीएमसी गेलं, पण 31च्या वर उरलंच की. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा 29.15 टीएमसी. तुमच्या ‘उणे’ धरणात त्याहून जास्त पाणी होतं.

‘मृत’ हा इंग्रजी ‘डेड’चा सरळ उल्था, आणि मला तो कधीच पटला नाही. शून्याखालचं पाणीही भीमेत सोडतात, सोलापूर ते पितं. मेलेलं कसलं? ‘अचल’ त्यातल्या त्यात बरा, पण तो आमच्या तक्त्यातून बाहेर पडलाच नाही.

फुगवट्यावरचा : आमच्याकडं, धरणाचं पाणी मागं पसरतं त्या काठच्या शेतात, मृत नाही न् अचल नाही. “धरण मायनसात गेलं” म्हणतात, नाहीतर “डेड स्टॉक लागला”. आम्हाला टक्के कळतात ते पाइपावरून. पाणी मागं सरकलं की मोटार उचलायची, चिखलातून पुढं न्यायची, पाइप जोडायचे, केबल वाढवायची. एका उन्हाळ्यात चारदा मोटार हलवली. पळसदेवचं पाण्यात बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं की बघायला गाड्या येतात. आम्ही केबलचा भाव काढायला लागतो.

सोलापुरी : शहरात आमचा शब्द वेगळा. ‘दुबार पंपिंग’. पातळी उतरली की नेहमीच्या पंपांना पाणी पोचत नाही, आधी एकदा उपसून त्यांच्यापर्यंत आणावं लागतं. आणखी उतरली तर तिबार. पेपरात ‘तिबार’ दिसलं की बायको पिंपं भरायला काढते. टक्क्यांपेक्षा हा शब्द लवकर कळतो.

बातमीवाली : मग टक्के सोडून ‘उजनीत 31 टीएमसी पाणी’ एवढंच लिहिलं तर?

पाटकरी : तेही फसवंच. 31 वाचून लोक म्हणतील, भरपूर आहे की! त्या आकड्यात गाळानं खाल्लेली जागाही आहे. पातळीवरून साठा सांगणारा जुना तक्ता धरून काढलेलं पाणी आणि प्रत्यक्षातलं पाणी यांत फरक पडतो. नवं सर्वेक्षण झालं तरच तो कळतो. खात्यातला माणूस ‘उणे’ म्हणतो तेव्हा त्याला सांगायचं असतं की वाटपाचं पाणी संपलं. वाचणाऱ्याला वाटतं, धरणच संपलं. दोघांचं शून्य वेगळं.

फुगवट्यावरचा : त्यापेक्षा दोन्ही लिहा ना. ‘वाटपाचं पाणी संपलं, तळातलं सुरू.’ ‘तळातलं’ म्हटलं की आमच्या आईलासुद्धा कळतं, रांजणात हात कुठवर घालायचा ते.

बातमीवाली : ‘तळातलं पाणी’! शीर्षकात बसतंय. सासूबाईंना काय सांगू?

पाटकरी : सांगा, उसनंच आहे. पाऊस सुरू झाला की आधी ते 32 टीएमसी फिटतात, मग शून्य, मग पुढचं.