'अपघात', 'इजा', 'दुखापत' की नुसतं 'लागलं'?

साताऱ्याहून, सामुदायिक आरोग्याची शिक्षिका

नमस्कार मंडळी. एका लेखासाठी शब्द अडलेत. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये हंगामात कोणाला काय इजा होतात, याची पाहणी आम्ही केली. लेख इंग्रजीतून संशोधन नियतकालिकाकडे जाईल. पण ज्यांनी फडात उभ्या उभ्या आमच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यांच्या हाती मराठी सारांश देऊ असं आम्ही कबूल केलंय, आणि तो लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत अडकले.

इंग्रजीपुरतं ठरलेलं आहे: 'ॲक्सिडेंट' लिहायचं नाही. २००१ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकानं हा शब्द आपल्या पानांवर नको, असं जाहीर केलं होतं. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक इजांचा अंदाज आधी बांधता येतो आणि त्या टाळताही येतात. 'ॲक्सिडेंट' म्हटलं की सगळं नशिबाच्या खात्यात जातं. मला हे मनापासून पटतं. रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी आणि मागून दुचाकी येऊन आदळली, यात नशीब कुठं आलं? पण मराठीत 'अपघात' खोडला तर त्या जागी काय लिहू? 'धडक' रस्त्यापुरती. आणि 'इंज्युरी'साठी जखम, इजा, दुखापत यांतलं कोणतं घ्यायचं? भाजणं, बुडणं, विषबाधा, सर्पदंश हे सगळं त्या एका शब्दात मावतं.

कराडहून, निवृत्त मराठी शिक्षक

ताई, 'अपघात' घाईनं खोडू नका. 'अप' अधिक 'घात'. घात म्हणजे प्रहार, नाश. मूळ शब्दात योगायोग कुठंच नाही. तो शिरतो तृतीयेत: 'अपघाताने भेट झाली'. म्हणजे दोष नामाचा नसून त्या 'ने'चा आहे. शिवाय मराठीत 'अपघात'समोर 'घातपात' उभा असतो. 'अपघात की घातपात?' हा मथळा आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्यात विचारलेलं असतं ते एवढंच, की कोणाचा हेतू होता का. टाळता आलं असतं का, हा प्रश्न त्या जोडीत येत नाही.

आणखी एक पाहा. घाटरस्त्यांवर 'अपघातप्रवण क्षेत्र' अशी पाटी असते. जागा जर प्रवण असेल तर कारण त्या जागेत आहे, वळणात आहे, उतारात आहे. ही पाटीच सांगते की मराठी 'अपघात' अटळ नाही. खोडायचंच असेल तर त्याच्यापुढं चिकटणारं 'दुर्दैवी' खोडा.

तरीही, शक्य असेल तिथं काय घडलं ते सांगणारा शब्द मी आधी घेईन. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत शेकडो माणसं गेली. कागदोपत्री ती 'दुर्घटना'. आपल्याकडची माणसं आजही 'चेंगराचेंगरी' म्हणतात. 'दुर्घटना' ऐकून हळहळ वाटते, पण 'चेंगराचेंगरी' म्हटलं की चिंचोळी वाट दिसते, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या दिसतात, आणि वाट रुंद करायला हवी होती हे आपोआप कळतं. असा शब्द हाताशी असताना 'दुर्घटना' लिहू नये.

सांगलीहून, वकील

'दुखापत'बद्दल एक सावधगिरी. तो कायद्याचाही शब्द आहे, आणि 'जबर दुखापत' म्हणजे नुसती मोठी दुखापत नव्हे. तिची यादी ठरलेली आहे. हाड मोडलं किंवा एक दात मोडला तरी ती जबर दुखापत. तीव्र वेदनेत किंवा नेहमीचे व्यवहार करता न येता किती दिवस गेले, हाही निकष आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ते २० दिवस होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत १५ आहेत. तुमच्या तक्त्यात 'जबर' लिहिलंत तर वाचणारा कलम शोधेल. 'गंभीर इजा' लिहा आणि गंभीर म्हणजे काय ते तिथंच सांगा.

पोलीस ठाण्यातून आकडे घेतले असतील तर 'अकस्मात मृत्यू' हे सदरही जपून वाचा. गळफास, विहिरीत सापडलेला देह, विजेचा धक्का, सगळं आधी त्याच नोंदीत येतं. 'अकस्मात'चा अर्थ इथं अचानक असा घेऊ नका. कारण अजून ठरायचं आहे, एवढाच तो अर्थ.

मिरजेहून, परिचारिका

माझी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत गेली. 'जखम' म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर रक्त येतं, टाके येतात. 'मुका मार' त्यात बसत नाही. मुका मार हा माझ्या मते मराठीतला फार नेमका शब्द आहे: वरून कातडी शाबूत, आत सगळं ठेचलेलं, आणि तो बोलत नाही म्हणून मुका. पाहणीत 'जखम झाली का?' विचाराल तर मुका मार लागलेली बाई 'नाही' म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसेल. 'इजा' त्यातल्या त्यात बरा. कातडी फाटण्याची अट त्याला नाही.

पण मला नामांपेक्षा क्रियापदांची काळजी वाटते. भाजलेली बाई आणली की सोबतचे सांगतात, 'स्टोव्हचा भडका उडाला, भाजली.' भाजली. कर्ता नाही, कर्म नाही, आपोआप झाल्यासारखं. 'पेटवून घेतलं' म्हटलं की एक अर्थ, 'पेटवलं' म्हटलं की भलताच. तसंच 'पडली' आणि 'पाडलं'. एकदा एक तरुण मुलगी आली होती, दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला भाजलेली. सोबतची बाई परतपरत म्हणत होती, 'भाजली हो, स्वयंपाक करताना भाजली.' मुलगी नुसती भिंतीकडे बघत होती. मी कागदावर तेच क्रियापद लिहिलं, कारण दुसरं कोणी दिलंच नाही. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हेतू ठरवता न आलेल्या घटनांसाठी वाय-१० ते वाय-३४ असे वेगळे संकेतांक आहेत. मला त्या वेळी ते माहीत नव्हते. पाहणी करणाऱ्या तुमच्या मुली प्रपत्रं भरतील तेव्हा 'अपघाती' आणि 'हेतुपुरस्सर' यांच्याखेरीजचा हा तिसरा रकाना त्यांना नक्की दाखवा. 'अपघाती'वर टिक करून मोकळं होणं फार सोपं असतं.

शिराळ्याहून, शेतकरी

मॅडम, प्रश्न विचारताना 'साप चावला का?' असं विचारलंत का? आमच्याकडची म्हातारी माणसं सापाचं नाव घेत नाहीत. 'पान लागलं' म्हणतात. आणि 'इजा' फडात कोण बोलतं? ठेच लागते, कोयता लागतो, शॉक लागतो, ऊन लागतं. 'काही लागलं का रं?' एवढं विचारा, सगळं बाहेर येईल.

साताऱ्याहून, शिक्षिका

दादा, तुमचं उत्तर मी गटात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या प्रश्नावलीत 'सर्पदंश' होतं. प्रश्नावली मराठीत केल्यावर दुसऱ्या कोणाकडून ती उलट इंग्रजीत करून घेतात आणि मूळ मजकुराशी ताडून बघतात. 'सर्पदंश' त्या तपासणीत बिनचूक उतरला आणि फडात बंद पडला. एका आजींनी 'नाही' सांगितलं आणि निघताना म्हणाल्या, 'थोरल्याला पान लागलं होतं तेवढं.' आमच्या मुलीला ते कळलं म्हणून बरं.

'कोयता'नंही घोळ केला. 'किती कोयत्यांना इजा?' या प्रश्नाला मुकादम जोड्या मोजून उत्तर देत होता, कारण टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आम्हाला माणसं मोजायची होती.

आणि 'लागणं' मला विलक्षण वाटलं. विल्यम हॅडन हे इजा टाळण्याच्या शास्त्रातलं मोठं नाव. इजा म्हणजे शरीराला सोसवेल त्याहून जास्त ऊर्जा लागणं, ही मांडणी त्यांनी पुढं नेली: धडकेची, उष्णतेची, विजेची. ठेच, कोयता, शॉक, ऊन, सगळं आपल्या एका क्रियापदात आहे. बुडणं मात्र 'लागत' नाही, आणि हॅडननंही ते वेगळं काढलं होतं, कारण तिथं शरीराला ऊर्जा वापरायला जे हवं ते मिळेनासं होतं. बुडण्याची व्याख्याही २००२ साली ॲमस्टरडॅमच्या परिषदेत नव्यानं ठरली: बुडणं ही प्रक्रिया, माणूस त्यातून वाचो वा न वाचो. '२०१९ च्या पुरात बुडालो होतो, ओढून काढलं' असं कृष्णाकाठचा माणूस सहज म्हणतो, ते या व्याख्येत चपखल बसतं.

तर सारांशात मी 'लागलं' घेणार आहे. पहिलं वाक्य असं केलंय: 'या हंगामात तुम्हाला काय काय लागलं आणि ते कसं टाळता येईल, हे या कागदात आहे.'

मिरजेहून, परिचारिका

वाक्य छान आहे ताई, पण 'लागलं'मागं मारणाराही लपतो. डोळा काळानिळा झालेली बाई 'दाराचं लागलं' म्हणते. सगळ्यांसमोर ती दुसरं काय म्हणेल? जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली घरगुती हिंसेच्या संशोधनासाठी सूचना दिल्या होत्या. मुलाखत एकांतात घ्यावी आणि एका घरातल्या एकाच बाईशी बोलावं, असं त्यात आहे. म्हणून 'काय लागलं?' सगळ्यांना विचारा. 'कोणी मारलं का?' हे मात्र बाईला वेगळं, झोपडीपासून लांब बसून विचारा. आणि जो कागद नवऱ्याच्याही हातात पडणार आहे, त्यात तिचं उत्तर कुठल्याच आकड्यातून ओळखू येणार नाही एवढं बघा. टोळी दहा-बारा कोयत्यांची असते. तिथं 'एक महिला' लिहिलं तरी सगळ्यांना नाव कळतं.

साताऱ्याहून, शिक्षिका

तक्त्यात ती ओळ होती. आत्ताच काढली.