बीजगोळे तडकून राहिले, काय करू?

प्रश्न: लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटसाठी पोट्ट्यांना घेऊन मातीत बिया घालून दोनेकशे गोळे वळले. कडुनिंब, करंज, बहावा. माती तिथलीच, काळी. गच्चीवर सुकवले तर दुसऱ्या दिवशी नख जाईल एवढ्या भेगा! निंबोळ्या मागच्या पावसाळ्यातल्या, डब्यात ठेवलेल्या. चालतील ना?

उत्तर १: भाऊ, काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वरून नागपूरचं मे महिन्यातलं ऊन! कुंभाराकडची चिकणमाती घ्या, चाळलेलं शेणखत मिसळा, सावलीत वाळवा. निंबोळीची उगवण फार दिवस टिकत नाही, जून-जुलैत झाडाखाली ताजी वेचा. बहाव्याचं कवच टणक, सँडपेपरवर घासून रात्रभर भिजवा. करंज मोठा, एका गोळ्यात एकच.

उत्तर २: दोन चांगले पाऊस झाल्याशिवाय टाकू नका. मी मागं घाई केली, पहिल्या सरीनं कोंब आले अन् उघडिपीत करपले. अन् सुबाभूळ नको, बाकीच्यांना जागाच देत नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे दोनशे गोळे परत भिजवायचे! पोट्टे तर खूशच होतील, चिखल आहे ना. करंज-बहावा वेचून घेतो, निंबोळ्या कुंडीत पेरून पाहतो.