'दहा टक्के फुटले' म्हणणाऱ्यांना एक उत्तर

तिरकस_तात्या: कालच्या त्या पोस्टने डोकं उठवलं म्हणून लिहितोय. म्हणे 2024 च्या लोकसभेला महाविकास आघाडीचे तीन पक्ष मिळून 44 टक्के, विधानसभेला 34, म्हणजे 10 टक्के मतदार उठून महायुतीत गेले. अरे पण महायुतीचे तिघे 43 वरून 48 वर गेले, वाढ पाचाची, मग उरलेले पाच काय समुद्रात बुडाले? आणि टक्के कशाचे? विधानसभेला मतंच सत्तरेक लाखांनी जास्त पडली. आघाडीची घटली तीसेक लाख, महायुतीची वाढली साठ लाखांहून जास्त. म्हणजे निव्वळ बेरजेत त्यांचे अर्धेअधिक जास्तीचे मतदार लोकसभेला घरी बसलेले, किंवा नवीन नोंदलेले, किंवा अपक्षांचे. सांगलीत काँग्रेसचे बंडखोर विशाल पाटील लोकसभेला अपक्ष निवडून आले, ती मतं त्या पोस्टच्या 44 मध्ये धरलीयेत का?

नगरची_नणंद: आकडे छान आहेत पण लाडकी बहीण विसरलात. माझ्या दोन्ही जावा लोकसभेला मशालीवर होत्या, 1500 खात्यात पडले आणि नोव्हेंबरात फिरल्या. डोळ्यांनी पाहिलंय.

तिरकस_तात्या: ताई, दोन जावा म्हणजे महाराष्ट्र नव्हे. बूथवर आघाडी 400 वरून 300 वर आली म्हणजे 100 फुटले असं नाही, 250 गेले आणि 150 आले तरी तेच दिसतं. फॉर्म 20 मध्ये, म्हणजे आयोगाच्या बूथनिहाय निकालाच्या तक्त्यात, फक्त बेरीज असते, कोण कुठून आला ते नसतं.

गाववाला_77: फॉर्म 20 चं नाव काढू नका राव. आमच्या वाडीवर एकच बूथ, निकालानंतर पुढारी कागद घेऊन पारावर आला, तुमच्याकडून एवढीच मतं का म्हणून, आणि त्या उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांआड. मतपत्रिका होत्या तेव्हा सगळ्या एकत्र मिसळून मोजायचे, आता वाडी उघडी पडते. आयोगाने 2008 ला टोटलायझर सुचवलं होतं, म्हणजे अनेक बूथच्या यंत्रांतली मतं एकत्र मोजणारं यंत्र, त्याचं काय झालं? हे अभ्यासक बूथचा डेटा चघळत बसतात आणि पाणी आमचं तुटतं!!

नगरची_नणंद: हे मात्र खरंय. आमच्याकडे रस्ता अडला याच कारणाने.

शहरी_शहाणा: मग बूथनिहाय आकडे बंदच करा, मतदान केंद्रात घोळ झाला तर पकडणार कसा?

गाववाला_77: तुम्ही फ्लॅटात राहता, नळ उघडला की पाणी. तुम्हाला घोळ दिसतो, आम्हाला हंडे दिसतात.

शहरी_शहाणा: वैयक्तिक नको हां.

तिरकस_तात्या: अरे विषय काय होता! हजारो बूथ एकत्र घेऊन अंदाज बांधता येतो, पण तोही 'सगळीकडे लोक सारखेच वळले' हे गृहीत धरून, आणि वाडी-शहर सारखं नसतं हे आत्ताच दोघांनी सिद्ध केलंत. खात्रीने हवं असेल तर त्याच माणसाला दोन्ही निवडणुकांनंतर विचारावं लागतं, आणि त्यातही मत कुणालाही दिलेलं असो, जिंकलेल्यालाच दिलं म्हणणारे असतातच.

नगरची_नणंद: म्हणजे माझ्या जावांना दोनदा विचारलंय मी, तुमच्या व्याख्येने माझाच सर्व्हे पक्का 😏

तिरकस_तात्या: बरं बाई, दोन जणींपुरता पक्का.