दुब्रोव्निक १९५०: युगोस्लाव्हियाच्या सुवर्णाला चांदणी लावायची का?

तिरपा उंट (धागाकर्ता)
१९५० च्या दुब्रोव्निक बुद्धिबळ ऑलिंपियाडचा (देशांच्या संघांच्या स्पर्धेचा) विषय निघाला की लोक युगोस्लाव्हियाचे गोडवे गायला लागतात. माझं मत विचाराल तर वासरांत लंगडी गाय शहाणी. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांचं स्टॅलिनशी फाटलं, कॉमिनफॉर्ममधून (मॉस्कोच्या पंखाखालच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून) युगोस्लाव्हियाची हकालपट्टी झाली. दोन वर्षांनी ऑलिंपियाड त्यांच्याच अंगणात भरलं, तेव्हा सोव्हिएत संघ, हंगेरी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांपैकी कुणी तिकडे फिरकलंही नाही. उरले १६ संघ. त्याच वर्षी बुडापेस्टच्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) पहिले चारही सोव्हिएत होते: ब्रॉनस्टाइन, बोलेस्लाव्हस्की, स्मिस्लोव्ह, केरेस. जगज्जेता बोटविनिक आणखी वेगळाच. ही मंडळी घरी बसलेली असताना मिळालेलं सुवर्ण निकालात चांदणी (*), म्हणजे 'अटी लागू'ची खूण, लावूनच छापावं.

अडीच घरं
उंटराव, सोव्हिएत संघ १९५० ला आला नाही म्हणता, पण त्याआधी कधी आला होता? १९२७ च्या लंडनपासून १९३९ च्या ब्युनोस आयरेसपर्यंत एकाही अधिकृत ऑलिंपियाडमध्ये तो नव्हता. पहिल्यांदा उतरला १९५२ ला, हेलसिंकीत. तुमच्या हिशेबाने अमेरिकेची १९३१ ते १९३७ ची लागोपाठ चार सुवर्णंही रद्दीत घाला.

आणि 'वासरं' कोण होती तेही बघा. अर्जेंटिनाच्या पहिल्या पटावर (म्हणजे संघातल्या पहिल्या क्रमांकावर) नायडॉर्फ. १९३९ ला हा पोलंडकडून खेळायला ब्युनोस आयरेसला गेला, स्पर्धा चालू असतानाच महायुद्ध पेटलं आणि तो तिकडचाच झाला. दुब्रोव्निकला १४ डावांत ११ गुण, एकही हार नाही. तरीही युगोस्लाव्हिया ६० पैकी ४५.५ आणि अर्जेंटिना ४३.५. तिसऱ्या पश्चिम जर्मनीला ४०.५, अमेरिकेला ४०. युगोस्लाव्हियाच्या चौथ्या पटावर राबारने १० पैकी ९ काढले. हे फुकटात पडलेलं वाटतं?

तिरपा उंट
युद्धाआधीची गोष्ट सोडा हो. तेव्हा सोव्हिएतांची ताकद कुणी नीट मोजलीच नव्हती. १९४५ च्या रेडिओ सामन्यात (चाली रेडिओवरून कळवायच्या) ती मोजली गेली: अमेरिकेला १५.५–४.५ असं धुतलं. त्यानंतर ते नसलेल्या स्पर्धेला 'जगातला सर्वोत्तम संघ' ठरवण्याचा अधिकार उरत नाही. आणि हंगेरीचं काय? पहिली दोन्ही ऑलिंपियाड जिंकणारा देश. तो तर नेहमी येणाऱ्यांतला होता.

कडेला बसलेला
तुमचं चालू द्या, मला त्या स्पर्धेतली मोहरीच जास्त आवडतात. खास तिच्यासाठी घडवलेली. राजाच्या डोक्यावर क्रूस नाही आणि उंटाचा शेंडा उलट्या रंगाचा: काळ्या उंटावर पांढरा, पांढऱ्यावर काळा. पुढे अमेरिकन जगज्जेता फिशर या संचाच्या प्रेमातच पडला होता. राजकारण विसरलं जातं, लाकूड टिकतं.

अडीच घरं
@तिरपा उंट, हंगेरी असती तर, चेक असते तर... आत्याबाईला मिश्या असत्या तर! दोन वर्षं थांबा की. १९५२ ला हेलसिंकीत सगळे हजर. निकाल: सोव्हिएत संघ २१, अर्जेंटिना १९.५, युगोस्लाव्हिया १९. चौथे चेक, सहावे हंगेरी. म्हणजे ज्यांच्या गैरहजेरीबद्दल तुम्ही गळा काढताय, त्या दोघांना युगोस्लाव्हियाने एकाच स्पर्धेत मागे टाकलं. सोव्हिएतांपासून अंतर फक्त दोन गुणांचं.

पटापट
१९७६ च्या हैफा ऑलिंपियाडवरही सोव्हिएत गटाने बहिष्कार टाकला आणि अमेरिका जिंकली. ते सुवर्ण कुणी परत मागितलं का? बोलावणं सगळ्यांना होतं. जो येत नाही त्याची चूक, येणाऱ्याची नाही.

तिरपा उंट
चूक कुणाची हा मुद्दाच नाही. आमंत्रण मिळूनही न आलेले भित्रे होते असं फार तर म्हणा (खेळाडूंना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही, निर्णय वरूनच झाला असणार). पण पदकाचं वजन समोर कोण बसलं होतं त्यावरूनच ठरतं.

आणि १९५२ चा दाखला देताय तर पूर्ण द्या. हेलसिंकीला बोटविनिक संघात नव्हता, त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला बाहेर ठेवलं. पहिल्या पटावर केरेस, त्याला १२ डावांत जेमतेम ६.५. लंगडत खेळूनही ते जिंकले. १९५४ ला ॲम्स्टरडॅमला बोटविनिक आला तेव्हा सोव्हिएत संघ ३४, अर्जेंटिना २७, युगोस्लाव्हिया २६.५. दोन गुणांचं अंतर कुठे गेलं?

अडीच घरं
सात गुणांनी तर त्या वर्षी सगळं जगच मागे पडलं. पण बाकीच्यांत पुढे कोण? पुन्हा तेच दोघे, जे दुब्रोव्निकला पहिले-दुसरे होते.

तिरपा उंट
म्हणजे युगोस्लाव्हियाचा तिसरा नंबर. मी तरी दुसरं काय म्हणतोय?