पहिली नोकरी, रोजची लोकल : ऑफिसचे कपडे किती आणि कसे घ्यावेत?

नवखा_डोंबिवलीकर
पुढच्या महिन्यात लोअर परळला रुजू होतोय. सोमवार ते गुरुवार फॉर्मल, शुक्रवारी थोडी सूट. टाय-कोटाची भानगड नाही. कपाटात सध्या जीन्स आणि टी-शर्ट सोडून काही नाही. बजेट १५ हजार, बुटांसकट. किती शर्ट, किती पॅन्ट? रेडिमेड की शिवून? घाम खूप येतो, कपडे वाळत घालायला गॅलरीत एकच दोरी आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय.

सुती_माणूस
सहा शर्ट, तीन पॅन्ट, बुटांचे दोन जोड. सहावा शर्ट इस्त्रीवाल्याने दगा दिला तर लागतोच.

पॅन्ट नेव्ही, चारकोल आणि शुक्रवारसाठी खाकी चिनो. काळी नको. डब्यातली सगळी धूळ तिच्यावर उठून दिसते आणि धुऊन धुऊन ती विटकी होते. शर्टांत सगळे आधी फिकट निळा सुचवतात, पण घाम येणाऱ्याने तो आणि राखाडी टाळावा. ओलं झाल्यावर हेच दोन रंग सगळ्यात गडद होतात, ठाण्यापर्यंत काखेत नकाशे उमटतात. दोन पांढरे, एक गडद नेव्ही, बाकी तीन बारीक चौकडी किंवा रेघांचे घ्या. पांढऱ्याच्या आत पांढरं बनियन उठून दिसतं, त्वचेच्या रंगाचं किंवा फिकट राखाडी घाला.

हिशेब असा : बूट ५ हजार, तीन पॅन्ट ४,२००, सहा शर्ट ४,८००. उरलेल्या हजारात पट्टा, बनियनं आणि एकाच रंगाचे सहा जोड मोजे. एक मोजा हरवला तरी जोडी लागत राहते.

काजबटण
वरच्या यादीशी सहमत. माझं मत : शर्ट रेडिमेड, पॅन्ट शिवून. शर्ट कंबरेत सैल असेल तर बाजूच्या शिलाईतून अर्ध्या तासात आत घेता येतो. पॅन्टचं सीट आणि मांडी एकदा चुकली की अल्टर करून फारसं साधत नाही.

५८ इंच पन्ह्याच्या कापडात पॅन्टला १.२ ते १.३ मीटर लागतं, तुम्ही उंच किंवा जाड असाल तर जास्त. टेरिव्हिस्कोज (पॉलिस्टर आणि व्हिस्कोजचं मिश्र कापड) घ्या, लवकर वाळतं आणि क्रीज धरतं. शिंप्याला दोन गोष्टी बजावून सांगा : मागच्या शिलाईत दीड इंच दाब (आत दुमडलेलं जादा कापड) ठेव, आणि मोहरीला दोन इंच कापड आत दुमड. पोट सुटलं तर पहिली गोष्ट कामाला येते, कापड आटलं तर दुसरी. चिनोसारखं सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून द्या.

चुरगळण्याची परीक्षा दुकानातच करा. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडा. घड्या तशाच राहिल्या तर गर्दीच्या लोकलमध्ये त्याचं काय होईल ते कळलंच.

नवखा_डोंबिवलीकर
रेडिमेड शर्ट घालून बघताना नेमकं काय बघायचं? मला सगळेच ठीक वाटतात.

काजबटण
आधी खांदा. बाहीची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरली असेल तर शर्ट परत ठेवा, कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे अख्खी बाही उसवायची. मग वरचं बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटं घाला, आरामात गेली पाहिजेत. सुती शर्ट धुतल्यावर ३ टक्के आटला तरी १६ची कॉलर साडेपंधराची होते, म्हणून आज जेमतेम लागणारं बटण महिन्याने लागणार नाही. शेवटी लोकलचं हँडल धरल्यासारखा हात वर करा. शर्ट पॅन्टमधून बाहेर आला तर उंची कमी आहे. छातीवरच्या बटणांपाशी आडव्या चुण्या पडल्या तर एक माप मोठा मागा.

कॉलरही चिमटीत धरून पाहा. आतलं फ्युजिंग (कॉलर ताठ राहावी म्हणून चिकटवलेलं अस्तर) हलकं असेल तर कडक इस्त्रीने सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात. मग इलाज नाही.

चिखलतुडवे
पावसाळ्याचं मी सांगतो. चामड्याचा एक जोड ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवा, प्रवासाला रबरी सँडल. बुटाचा सोल पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) आहे का ते विचारून घ्या. दमट हवेत पीयू आतून कुजतो आणि न वापरताही एक दिवस त्याचा भुगा होतो. रबर किंवा टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक) चालेल. बूट भिजले तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेत तर चामडं तडकतं. एकच जोड रोज घालू नका, आतला घाम वाळायला एक दिवस लागतो.

मोहरीवर उडालेला चिखल ओला असताना चोळू नका, तो कापडात आणखी मुरतो. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवून बुरशी जात नाही हो, त्या किड्यांसाठी असतात. कपडे पुरते वाळल्याशिवाय आत ठेवायचे नाहीत, बस.

सुती_माणूस
काखेतल्या पिवळ्या डागांचं राहिलं. ते बहुतेक वेळा नुसत्या घामाचे नसतात, घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमधल्या ॲल्युमिनियमचे असतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलंत तर पिवळेपणा आणखी पक्का होतो. खाण्याच्या सोड्याची पाण्यात पेस्ट करून अर्धा तास लावून ठेवा, मऊ ब्रशने घासा, मग नेहमीसारखं धुवा. हे इस्त्रीच्या आधी करा, डागावरून गरम इस्त्री फिरली की तो सहज निघत नाही. रोल-ऑन पुरतं वाळल्यावरच शर्ट चढवा.

पॅन्टला इस्त्री उलट्या बाजूने, नाहीतर वर ओलं फडकं टाकून. नाहीतर सीटवर जी चकाकी येते ती घालवता येत नाही.

नवखा_डोंबिवलीकर
आभार सगळ्यांचे. शनिवारी दादरला जाऊन आधी पॅन्टचं कापड घेतो, शिंप्याला पंधरा दिवस लागतीलच. एक शंका : पट्टा किती इंची?

काजबटण
पॅन्टच्या कंबरेपेक्षा दोन इंच जास्त, म्हणजे ३४ कंबरेला ३६. मधल्या भोकात बसला पाहिजे. रंग बुटाचा असतो तोच. माप द्यायला जाताना तोच पट्टा आणि ऑफिसचेच बूट घालून जा, सँडलवर घेतलेली उंची बुटावर चुकते.