नोकरी गेली की आधी गोळ्या तुटतात
बेकारीचा परिणाम मुख्यतः मनावर होतो, असं म्हणतात. खरंय, पण त्याआधी गोळ्यांवर होतो. बीपीची गोळी अर्धी तोडून किंवा दिवसाआड घेतली जाते. डोकं दुखत नाही म्हणून चालतंय असं वाटतं, आत मात्र दाब चढलेलाच असतो. त्यात अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडणं फार धोक्याचं. हृदयावर ताण येतो.

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीतल्या कामगारांनी ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड फेकू नये. एप्रिल ते सप्टेंबरची ईएसआय वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचाराचा हक्क साधारणपणे राहतो. तोही संपला, तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाची ओपीडी गाठा. जुनी चिठ्ठी आणि रिकामं गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, म्हणजे मात्रा चुकत नाही.